मेलेली बॅटरी उठवू नये

प्रिय ठिणगी,

हे नाव कागदावर उतरवलं आणि बराच वेळ त्याच्याकडेच बघत बसलो. तीन वर्षं झाली, घरात कोणी हे नाव घेतलेलं नाही. तू चार वर्षांची असशील. दुकानात येऊन माझ्या नकळत दोन वायरींची टोकं एकमेकांना लावलीस. ठिणगी उडाली. मला वाटलं, आता ही भोकाड पसरणार. तू डोळे मोठे केलेस आणि म्हणालीस, "परत." त्या दिवसापासून तू ठिणगी. दुकानाला आग लागल्यावर मात्र ते नाव आमच्या तोंडातून गेलं. तुझी आई फोनवर तुला "बाळ" म्हणते. मी तर काहीच म्हणत नाही, "जेवलीस का" एवढं विचारतो आणि फोन तिच्या हातात देतो. हे तुझ्या लक्षात आलं असणारच. तुझ्या लक्षात काय येत नाही?

अक्षर लागलं नाही तर चिडू नकोस. चौथीनंतर शाळा सुटली आणि पुढे माझं सगळं लिखाण म्हणजे बॅटरीच्या झाकणावर खडूने गिऱ्हाइकाची खूण. हा तिसरा कागद आहे. पहिल्या दोन कागदांवर मी तुझ्या तब्येतीची चौकशी केली, हवापाण्याचं लिहिलं आणि शेवटी "बाकी सर्व ठीक" असं लिहून मोकळा झालो. हाताला सवयच तशी. तुझ्या आईने दोन्ही कागद वाचले, फाडले आणि कोरा कागद पुढ्यात ठेवला. पाकिटावरचा पत्ता तीनदा तपासलाय. तू अजून त्याच खोलीत आहेस ना? मध्ये म्हणाली होतीस, भिंतीला ओल येते, खोली बदलणार. बदलली असशील तर हे पत्र कोण उघडेल, ही आता नवी काळजी. असो. काळजी कुठली नाही?

आधी आईचं सांगतो. धूर तिच्या छातीत बसला तो बसलाच. ऑक्सिजनचं मोठं मशीन तू पाहिलं आहेस, पलंगाशेजारचं, दिवसभर घरघरणारं. त्याची नळी ओट्यापर्यंत पोचायची, न्हाणीपर्यंत पोचायची, पण उंबऱ्याला मात्र दोन हात कमी पडायची. तीन वर्षं तुझी आई उंबऱ्याच्या दोन हात अलीकडे उभी राहून रस्ता बघत होती. आता दवाखान्यातून तिला छोटं मशीन मिळालंय. शाळेच्या दप्तराएवढं, खांद्याला अडकवायचं. आत लिथियमची बॅटरी. एकदा भरली की दोन तास चालते. पहिल्या दिवशी ते अडकवून ती उंबरा ओलांडून जी निघाली ती थेट कोपऱ्यावरच्या झाडाखालच्या बाकापर्यंत. मी मागे मागे. "अहो, माझी वरात काढताय का? शेजारी बघतायत," म्हणाली. पण बाकावर बसल्यावर तिने डोळे मिटले आणि वारा तोंडावर घेतला. मी तिकडे न बघता मशीनवरचा दिवा बघत राहिलो.

मला ती बॅटरी बघवत नाही. त्या जातीच्या बॅटरीने तिचा श्वास घेतला आणि त्याच जातीची बॅटरी आता तिच्या कुशीला टेकून असते. चार्जिंगला लावली की मी वाळूची बादली घेऊन शेजारी स्टुलावर बसतो. दर थोड्या वेळाने हात लावून बघतो, तापली का. तुझी आई म्हणते, "इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या कपाळाला इतक्यांदा हात लावला नाहीत." हे ती आठवड्यापूर्वी म्हणाली. आता म्हणत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

मागच्या मंगळवारी तुझे सर आले होते. ज्यांच्या संस्थेत तू या नव्या बॅटऱ्यांचं शिकलीस, ते. विचारत विचारत या भाड्याच्या खोल्यांपर्यंत आले. म्हणाले, संस्थेत बॅटरी दुरुस्तीचा मोठा वर्ग निघतोय, शिकवायला तुमची मुलगीच हवी, मी तिला दोनदा विचारलं, ती नाही म्हणते. "बॅटरीला हात लावायची माझी लायकी नाही, असं म्हणाली ती मला. तिच्याइतका सरळ हात मी कुणाचा पाहिला नाही, आणि ती मला हे सांगते." जागा या महिन्याच्या अखेरपर्यंत ते धरून ठेवणार आहेत, पुढे वरचे लोक ऐकणार नाहीत. तू तिकडे कारखान्यात खोक्यांना चिकटपट्टी लावतेस हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं. ते चष्मा काढून पुसत बसले. पुसून झाला तरी पुसत होते.

ते गेल्यावर मला तुझी परीक्षा आठवली. दुकानात तुझ्या टेबलावर पाय वर घेऊन तू मोठ्याने घोकत होतीस. लिथियम-आयन बॅटरीचे फायदे व तोटे लिहा, गुण दहा. मी माझ्या बॅटरीत पाणी भरत म्हणालो, "फायदा विकणाऱ्याचा, तोटा घेणाऱ्याचा. लिही, दहापैकी दहा." तू पुस्तक मिटलंस आणि म्हणालीस, "बाबा, तुमची शिशाची बॅटरी म्हणजे म्हैस. जड, आळशी, सारखं पाणी पिणारी, पण गरीब. कुणीही कान पिळावा. माझी लिथियमची म्हणजे मांजर. हलकी, चपळ, पाणी नको, मांडीवर बसते. पण शेपटीवर पाय पडला की संपलं." बाकावर आपला पेपरवाला पाय पसरून बसला होता, माझा शाळेपासूनचा सोबती. त्याने विचारलं, "मग तुझा बाप कोण गं?" तू म्हणालीस, "म्हशींचा डॉक्टर." दोन दिवसांत ते नाव सगळ्या रस्त्याला माहीत झालं. मी हसलो. आतून मात्र लागलं. कारण त्या वेळेपर्यंत गिऱ्हाइकं पायरी चढून माझ्याकडे बघायची आणि विचारायची, "ताई आहेत का?"

परीक्षेतला तो दहा गुणांचा प्रश्न आता मी सोडवायला बसलोय. तुझ्याइतकं पुस्तकी जमणार नाही.

फायदे मला आता आईच्या खांद्यावर दिसतात. शिशाची असती तर ते मशीन हातगाडीवर घालून ढकलावं लागलं असतं. पाणी बघावं लागत नाही. आम्ल सांडत नाही. आम्लाने माझ्या प्रत्येक पँटला मांडीवर भोक पडायचं, तुझ्या एप्रनवर मात्र डाग नव्हता. लवकर भरते. अर्धी असताना भरली तरी हरकत नाही, उलट पोटभर भरून कायम तशीच ठेवली तर लवकर थकते, हे मी मशीनवाल्याकडून शिकलो. चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, बॅटरी नेहमी पूर्ण भरलेली ठेवा. म्हशीला ते चालतं. आणि भरलेलं धरून ठेवते. मुकाट पडून राहिली तरी महिनोन् महिने आतलं सोडत नाही. हा फायदा किती मोठा आहे ते मला या गुरुवारी कळलं, तेही लिहितो.

तोटे. किंमत जास्त, हे तर झालंच. ऊन सोसत नाही. तिला स्वतःचं डोकं लागतं, ते छोटं सर्किट, जे सांगतं की आता पुरे, आता थांब. ते काढलं की ती आंधळी. वापरली नाही तरी आपोआप म्हातारी होते, हे ऐकून मला तिची दया आली. पेटली तर पाण्याला सहजी दाद देत नाही, आणि विझली म्हणेपर्यंत परत पेटते. तिचा धूर साधा नसतो. आपल्याला हे कुठल्या पुस्तकात वाचायची गरज उरली नाही. पण माझ्या मते सर्वात मोठा तोटा वेगळाच आहे. माझ्या म्हशीचं काही चुकलं तर ती आधी ओरडते. वास सुटतो, पाणी उकळतं, टोपणातून गुरगुरते. माणसाला सावरायला वेळ देते. लिथियमची बॅटरी चूक पोटात ठेवते. वरून गार, दिवा बरोबर, सगळं ठीक. आत काय चाललंय ते कुणाला कळत नाही. त्या बाबतीत ती माझ्यासारखी निघाली.

तू दुकानाच्या भिंतीवर लाल रंगाने लिहिलं होतंस, मेलेली बॅटरी उठवू नये. मला ते माझ्यावरच लिहिलंय असं वाटायचं. कारण उठवणं हीच माझी विद्या. तू लहानपणापासून बघितलंस. ज्या बॅटरीकडे बघून दुसरे दुकानदार मान हलवायचे, ती लोक माझ्याकडे आणायचे. शेजारी धडधाकट बॅटरी जोडायची, मोठ्या चार्जरचा थोडा जोर द्यायचा, कान लावून ऐकायचं. आत बुडबुडा फुटला की मेलेलीत जीव आला. त्या बुडबुड्यासाठी लोक मला मान द्यायचे. तू सांगितलं होतंस, "बाबा, माझ्या बॅटऱ्यांना हे कधी करायचं नाही. पूर्ण उतरून बरेच महिने पडलेली लिथियम संपली, तिचं क्रियाकर्म करायचं, बस." त्या संपलेल्या पॅकवर तू खडूने फुली मारायचीस आणि वरच्या फळीवर ठेवायचीस. पेपरवाल्याच्या स्कूटरचा पॅक तिथेच होता. पाय मोडून तो सहा महिने घरी पडला होता आणि स्कूटर अंगणात. तू त्याला नवीन पॅक घ्यायला सांगितलंस.

आता लिहितो. थांबलो तर परत "बाकी सर्व ठीक" लिहीन.

त्या दिवशी सकाळी अकराला तू सरांकडे गेलीस. जाताना तुझा पॅक चार्जिंगला लावलास. तू स्वतः एकेक सेल जोडत पहिल्यापासून बांधलेला, आधीचे तीन मोडून चौथा जमलेला. म्हणालीस, "बाबा, लक्ष ठेवा. एकटा सोडू नका, भरला की काढा." तू वळलीस आणि पेपरवाला काठी टेकत आला. फळीवरच्या फुलीकडे बघत म्हणाला, "चाळीस वर्षं मुडदे उठवलेस, आता पोरीची फुली बघून गप्प? दुकान कुणाचं आहे रे?" तो थट्टा करत होता. रोजच करायचा. पण मी उठलो आणि तो पॅक खाली काढला.

वरचं वेष्टन कापलं. ते सर्किट मला आत घेईना, म्हणून मी दोन वायरी सर्किटला वळसा घालून सरळ आतल्या टोकांना लावल्या आणि माझ्या मोठ्या चार्जरचा जोर दिला. काटा हलेना. मग हलला. मग चढायला लागला. ठिणगी, काय सांगू तुला, मला बुडबुडा ऐकू आल्यासारखं वाटलं. त्या पॅकमध्ये पाणीच नसतं, बुडबुडा कुठला? पण मला ऐकू आला. पेपरवाल्याने टाळी दिली आणि तो जेवायला घरी गेला. मग मी तुझा पॅक तुझ्या चार्जरवरून काढला, कारण तसा चार्जर एकच होता, आणि तो उठवलेला पॅक, तुझ्या पॅकला होती तशीच निळी पट्टी गुंडाळून, त्या जागी लावला. दिवा लागला, अगदी बरोबर. तुझा पॅक मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझ्या पाण्याच्या कॅनमागे ठेवला. तू यायच्या आत परत जागेवर लावायचा होता. तुला पत्ता लागू द्यायचा नव्हता, किंवा लागू द्यायचा होता, स्कूटर सुरू करून दाखवून. तेव्हाचं माझं मन आता मलाच नीट सांगता येत नाही.

आई दुकानावरच्या आपल्या घरात जेवून झोपली होती. दीड वाजता मी पेपरवाल्याच्या घरी गेलो. दिवा अजून लागलेला आहे, उठली बॅटरी, हे सांगायला. फक्त एवढंच सांगायला.

पुढचं तुला माहीत आहे, आणि तुला जे माहीत आहे ते चूक आहे. तू दोनला आलीस. दिवा बघितलास, निळी पट्टी बघितलीस, तुला वाटलं तुझाच पॅक. मी वर जेवतोय असं वाटलं. पाच मिनिटं म्हणून समोरच्या दुकानात सेल जोडायच्या पट्ट्या आणायला गेलीस. परत आलीस तेव्हा जिन्यात धूर होता. तू त्या धुरात वर गेलीस, आईला पाठीवर घेऊन खाली आणलंस, हात भाजून घेतलास. मी धावत आलो तेव्हा तू रस्त्यावर बसली होतीस आणि बंबवाल्यांच्या साहेबाला सांगत होतीस, "माझा पॅक होता. मीच बांधलेला. मीच सोडून गेले."

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण तू सगळं सांगून टाकलं होतंस, साहेब लिहून घेत होता, शंभर माणसं बघत होती. आणि माझ्या तोंडातून निघालं, "हजारदा सांगितलं होतं, हे भूत घरात नको म्हणून." तू माझ्याकडे बघितलंस आणि मान खाली घातलीस. अजून त्या मानेचा कोन मला दिसतो. पेपरवाला माझ्या शेजारी काठीवर उभा होता, त्याला सगळं ठाऊक होतं. तो एक शब्द बोलला नाही. त्या दिवसापासून तो पेपर दाराबाहेर टाकतो आणि जातो, आत येत नाही. दोन महिन्यांनी तू बॅग भरलीस. मी तुला अडवलं नाही. तू गेलीस म्हणजे मला रोज तुझ्या हाताकडे बघावं लागणार नाही, असं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच वाटलं होतं.

शेड जळली नव्हती. दुसऱ्या दिवशी कॅनमागे तुझा पॅक तसाच होता. टाकून द्यायचं धाडस झालं नाही आणि दाखवायचंही झालं नाही. एका पत्र्याच्या पेटीत वाळू घालून त्यात पुरला. घर बदललं तेव्हा पेटी बरोबर आणली. आई विचारायची, "या पेटीत काय सोनं आहे?" मी सांगायचो, जुनी हत्यारं.

सर येऊन गेल्यावर मी ती पेटी उघडली. मला वाटलं होतं फुगला असेल, किंवा मेला असेल. नव्हता. गुरुवारी आईच्या मशीनचा माणूस तपासणीला आला, तेव्हा मी तो पॅक त्याच्यापुढे ठेवला. त्याने मीटर लावला आणि दोनदा बघितलं. "किती दिवस पडून होता म्हणालात?" तीन वर्षं, मी म्हटलं. "अजून अर्ध्याच्या आसपास आहे, काका. सगळे सेल एका पातळीत. हा बांधणाऱ्याचा हात बसलेला आहे. कोण आहे?" मी म्हटलं, माझी मुलगी. मग धीर करून विचारलं, समजा कुणी पूर्ण मेलेली उठवली, सर्किट टाळून, तर काय होतं? तो अवजारं आवरत सहज म्हणाला, "उठते ना. पण आतलं तांबं विरघळलेलं असतं. परत भरताना त्याच्या सुया होतात. उठते ती पोटात सुया घेऊनच उठते. मग तास, दोन तास, तिच्या मनात येईल तेव्हा." तो गेला. मी पॅक परत वाळूत ठेवला.

त्याच दुपारी आईला सांगितलं. ती शेंगा सोलत होती. मी सगळं सांगितलं, आता लिहिलं त्याच क्रमाने. ती सोलत राहिली. संपल्यावर हात पुसले, मोठ्या मशीनची नळी काढली, छोटं मशीन खांद्याला अडकवलं आणि उंबरा ओलांडून गेली. मी मागे गेलो नाही, दारात उभा राहिलो. पूर्वीचं मशीन असतं तर ती उठून फक्त भिंतीकडे तोंड करू शकली असती. फायदा लिहायचा तर हा लिही, तुझ्या सरांच्या पुस्तकात नसेल. त्या बॅटरीमुळे तुझ्या आईला माझ्यापासून दोन तास लांब जाता आलं. ती पुरते दोन तास गेली. परत आली तेव्हा मशीन चार्ज संपत आल्याचं सांगत टीं टीं करत होतं. मी घाईघाईने नळी जोडायला पुढे झालो, तिने माझा हात बाजूला केला आणि स्वतः जोडली. मग श्वास जागेवर आल्यावर म्हणाली, "पत्र लिहा तिला. फोनवर तुम्ही विषय बदलता." त्यानंतर आज चौथा दिवस, ती माझ्याशी कामापुरतं बोलते. बरोबर आहे तिचं.

काल बंबवाल्यांच्या केंद्रावर गेलो. तो साहेब आता तिथे नाही, दुसरे आहेत. एका कागदावर जसं येईल तसं लिहून दिलं, खाली सही केली. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "काका, हे प्रकरण केव्हाच बंद झालंय." मी म्हटलं, उघडू नका, पण हा कागद आत ठेवा, तिचं नाव आहे ना आत, त्याच्या वर ठेवा. त्यांनी शिक्का मारून घेतला. परत येताना पेपरवाल्याकडे गेलो. तो ऐकून घेत राहिला, मग म्हणाला, "थट्टा माझी होती, तेही लिही तिला." म्हणून लिहिलं. सरांनाही सांगून आलोय. ते माझ्यावर रागावतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "तिला कळवलंत का? आधी तिला कळवा."

म्हणून हे पत्र. माफी मागायला नाही, ती मागायचं तोंड मला नाही, आणि "घरी ये" म्हणायचा हक्कही मी तीन वर्षांपूर्वी रस्त्यावर घालवला. फक्त महिनाअखेरीला बारा दिवस उरलेत आणि तुझ्या हातात द्यायची जी गोष्ट माझ्याकडून राहिली होती ती पोचायला हवी. पॅक पाठवायला पोस्टात गेलो होतो, खिडकीतल्या बाईंनी आत काय आहे ते ओळखलं आणि सांगितलं, अशी बॅटरी पार्सलने जात नाही. तो इथे वाळूत आहे, तुझ्या आईच्या ताब्यात, पेटीची किल्ली तिच्याकडे. म्हणून त्याच्यावर चिकटवलेली तुझी चिठ्ठी मी पातळ पात्याने सोडवली आणि पाकिटात घातली. एक कोपरा फाटला. तारीख त्याच दिवशीची आहे, सकाळची. तुझा पॅक जळला नाही, ठिणगी. तो कधीच जळला नव्हता. चिठ्ठी उजेडात धरून बघ, शाई थोडी उडालीय पण अक्षर तुझंच आहे, आणि मी बदललेलं त्यात काहीच नाही: "पॅक ४. तपासला. ठीक."

तुझाच,
म्हशींचा डॉक्टर